ओळखीची सही

वर्षानुवर्षं ठोक्यानं, ठरलेल्या खंडावर घेऊन कसलेलं शेत नंदाबाईच्या हातून गेलं होतं. "शेत हिला दिलंच नव्हतं," असं मालक नरहररावांनी कोर्टात सांगितलं आणि ती हरली. नवऱ्याच्या आजारपणात अपिलाची मुदत संपली. तो वारल्यावर उशिरा अपील करायची परवानगी मागायला ती वाटूरहून एकटीच जालन्याला आली. "प्रतिज्ञापत्रावर ओळखीची सही कोण करणार?" कोर्टाच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. "कुणीच न्हाई, साहेब." मालकाशी वाकडं घेऊन गावातलं कोण येतंय? ती दुपारभर बाकावर बसून राहिली. खिडकी बंद होताना दुसऱ्या कामाला आलेले नरहरराव पुढे झाले. "मी ओळखतो हिला." "किती वर्षांपासून?" "बावीस. माझंच शेत कसायची." कारकुनानं तसंच लिहून घेतलं. नरहररावांनी ते वाचून पाहिलं, मग त्याखाली सही केली. "मालक, जेवलात का?" तिनं विचारलं. ते मागे न वळता जिना उतरून गेले.