शेवंताबाईंची बॅटरी

तोरसकरने लॉगबुकात ‘यंत्रात बिघाड’ असं लिहून वही शिफ्टप्रमुखांकडे सरकवली. खरं तर चाचणी घेताना त्यानेच चुकीच्या पॅनेलचं बटण दाबलं होतं आणि अणुभट्टी बंद पडली होती. ग्रिडची हजार मेगावॅट वीज क्षणात गेली, तरी कुठेच अंधार झाला नाही. अशा वेळच्या रिवाजाप्रमाणे लोकांनी घरच्या बॅटऱ्यांतली वीज ग्रिडला दिली आणि देणाऱ्यांची नावं कंट्रोल रूमच्या पडद्यावर झळकू लागली.

पहिलंच नाव शेवंताबाई बोरकरांचं होतं. याच प्रकल्पासाठी त्यांचं गाव उठवलं होतं. त्यांनी अख्खी बॅटरी दिली होती. सोबत निरोप होता, “आतल्या पोरांना ओरडू नका. माणूस आहे, चुकायचंच.”

तोरसकर शिफ्टप्रमुखांकडे वळला.

“साहेब, ती वही परत द्या,” तो म्हणाला. “मी खोटं लिहिलंय.”