परवानगी नाही

लॅपटॉपने पुन्हा तेच सांगितलं: परवानगी नाही. तिने टेबलावर मूठ आपटली. नोकरीसाठीची परीक्षा घरबसल्या द्यायची होती, पण ती चार वाजता बंद होणार होती. आणि तयार कोडच्या ज्या पॅकेजांच्या आधाराने प्रोग्राम लिहायचा, ती इन्स्टॉलच व्हायला तयार नव्हती. लेकीच्या जन्मानंतर सुटलेलं काम परत मिळवायची ही पहिलीच संधी. लेक शाळेत गेली की दार लावून ती अभ्यासाला बसायची, असे कितीतरी महिने गेले होते. आणि घोडं अडलं ते इथे!

रविवारी नवऱ्यानेच हौसेने आपला जुना लॅपटॉप तिला तयार करून दिला होता. त्यात तिचं वेगळं खातं उघडून दिलं होतं. तिने त्याला फोन लावला.

"अगं, हात नको लावूस त्याला, आणखी बिघडवशील. संध्याकाळी येऊन बघतो."

"संध्याकाळी? चारला बंद होतेय परीक्षा!"

"मग पुढच्या वेळी दे. जग बुडणार आहे का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन आपटला. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं!

रागाचा एक फायदा असतो, भीती पळते. मघापासून पडद्यावरचा जो लाल मजकूर बघून ती हबकत होती, तो तिने आता शब्द न् शब्द वाचला. पॅकेजं तिच्या फोल्डरकडे जातच नव्हती. सेटिंगमध्ये पाथ, म्हणजे कुठे उतरवायचं तो पत्ता, होता नवऱ्याच्या खात्यातल्या फोल्डरचा, आणि तिथे काही ठेवायची तिच्या खात्याला मुभा नव्हती. म्हणजे इतका वेळ शेजाऱ्याच्या कुलपाला ती आपली किल्ली लावत बसली होती. म्हणे मोठा इंजिनिअर! बायकोचं काम म्हटलं की असं अर्धवट. त्याच्या नावाने बोटं मोडत तिने स्वतःच्या खात्यात नवं फोल्डर केलं, सेटिंगमध्ये त्याचा पाथ घातला, आज्ञा टाइप करायची ती टर्मिनलची खिडकी बंद करून पुन्हा उघडली. पॅकेजं भराभर उतरू लागली.

उत्तरं वेळेत गेली. रागही निवळला. फोन आपटायला नको होता, असं वाटून संध्याकाळी नवरा आल्याबरोबर तिने चहा केला.

"तुझ्या फोल्डरचा पाथ राहून गेला होता," ती म्हणाली. "मीच बदलला. होतं असं घाईत."

त्याचा कप हातातच राहिला. "म्हणजे परीक्षा दिलीस तू?"

"दिली की. का?"

तो तिच्या शेजारी येऊन बसला. लेकीची समजूत काढताना लावतो तो आवाज लावून म्हणाला, "अगं, राहून नव्हता गेला. मी मुद्दाम घातला होता. तू नापास होऊन रडत बसण्यापेक्षा मशीनवर खापर फुटलेलं बरं, म्हटलं."