घरात किती माणसं

"आ कर. जीभ वर."

थोरल्याने आ केला. धाकटीने मोबाईलचा टॉर्च थेट त्याच्या तोंडात मारला. गोळी जिभेखाली होती, पांढरी, अजून अख्खी.

"हं. मीट आता. गिळायची नाही, चघळायची नाही, बोलायचं नाही. गिळलीस तर पोटात वाया. हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य आहे, माझं नाही." ती त्याच्यासमोर जमिनीवर मांडी ठोकून बसली. आई कामावर गेली की ही गोळी द्यायचं काम तिचं. "दिवसातली माझी सगळ्यात लाडकी वेळ! मी वाट्टेल ते बोलायचं आणि तुला एक शब्द उलटून बोलता येत नाही. माकडा."

थोरल्याने डोळे वटारले. ती खुदकन हसली.

खिडकीपाशी बाबांचं शिलाई मशीन चालू होतं. पुढची खोली म्हणजेच दुकान. गिऱ्हाइकांना बाबांनी सांगून ठेवलं होतं, पोरगा मोठ्या शहरात कंपनीत आहे. त्यामुळे थोरला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून गिऱ्हाईक दिसलं की गुपचूप आत जायचा. आज मात्र एक बाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलंच नाही.

"जनगणना," गळ्यातलं ओळखपत्र पुढे करत त्या म्हणाल्या. कुठल्याशा शाळेतल्या बाई असाव्यात, कारण त्यांना बघताच धाकटी आपोआप सरळ बसली. "पाणी दे गं बाळ. तिसरी गल्ली झाली. काय होऊन बसलंय हो या शहराचं! दार उघडतात ते सगळे पन्नाशीच्या पुढचे. विशी-पंचविशीचं पोर विचारलं की एकतर बाहेरगावी, नाहीतर घरचे गप्प. बरं, तुमच्याकडे माणसं किती?"

मशीन थांबलं.

"तीन," बाबा म्हणाले. "मी, मंडळी आणि ही मुलगी."

बाईंचं बोट मोबाईलवर अडलं. "आणि हा?"

"पाहुणा आहे. मेव्हण्याचा मुलगा."

पाणी घेऊन येणारी धाकटी पेला बाईंना न देताच थोरल्याशेजारी येऊन बसली.

"कुठे असतोस रे बाळा?" बाईंनी थोरल्याला विचारलं. "तिकडे मोजलंय ना तुला? कोणी राहून जायला नको."

थोरल्याने बाबांकडे पाहिलं. बाबा सुईत दोरा ओवत होते आणि तो काही केल्या जात नव्हता.

"बोलत नाही का?" बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे, तोही एक प्रश्न असतो आमच्याकडे. मुका आहे?"

बाबांनी हो अशी मान हलवली.

थोरल्याच्या मानेची शीर तटतटली. गोळी थुंकून टाकायला कितीसा वेळ लागतो? पण मग संध्याकाळपर्यंत अंगभर घाम, हाडांत कळा आणि पुडी विकणाऱ्यांचा स्टँडमागचा तो रस्ता. धाकटीला ते सगळं पाठ होतं. तिने पेला खाली ठेवला आणि त्याचा गुडघा गच्च धरला.

"तू नको बोलूस, मी बोलते." ती बाईंकडे वळली. "हा माझा दादा आहे. सख्खा. मुकाबिका काही नाही, चांगला कचाकचा भांडतो. नशा सोडतोय तो. जिभेखाली औषध आहे, ते विरघळेपर्यंत बोलायचं नसतं."

"तू आत जा," बाबा म्हणाले.

"नाही जाणार."

बाबांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. "एक सोडायची म्हणून दुसरी गोळी," ते समोरच्या कापडाशी बोलल्यासारखं म्हणाले. "ही सुटू दे, मग धरू त्याला घरात."

"शुगरची गोळी मी रोज घेते हो," बाई म्हणाल्या. "मला नाही अजून घरच्यांनी पाहुणी केलं." आणि खुर्चीवर टेकून त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "विरघळू दे. त्याचं त्यालाच विचारते."

चौघंही बसून राहिली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. थोरला नाकाने सावकाश श्वास घेत होता, जडसं काही उचलून जिना चढत असल्यासारखा. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळ गेला. मग थोरल्याने धाकटीकडे बघून मान हलवली. झाली.

"हं, सांग बाळा. पूर्ण नाव?"

थोरल्याने ओठ ओले केले. आवाज घोगरा निघाला.

"बाबांना विचारा. घर त्यांचं आहे."

धाकटीला वाटलं, आता ओरडावं. इतका वेळ गप्प बसून हे? पण थोरला बाबांकडेच बघत होता.

बाबा मशीनवरून उठले. त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. त्यापुढे स्वतःचं नाव लावायचं होतं, तिथे ते अडकले. बाईंनी घाई केली नाही. बाबांनी खाकरून घसा साफ केला, स्वतःचं नाव घेतलं आणि मग आडनाव.

"नातं?"

"मुलगा."

"काम काय करतो?"

बाबांचं तोंड उघडलं ते सवयीने, कंपनीचं नाव सांगायलाच. पण थोरल्याने थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून धरले होते, तिकडे त्यांचं लक्ष गेलं.

"बरा होतोय," बाबा म्हणाले. "सकाळी उठल्यापासून तेच काम करतो."