पाकिटावरची ओळ

धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तिला सिगारेटच्या पाकिटाचा कापलेला तुकडा सापडला. सिगारेट नव्हती, नवऱ्यानं ती सोडून तीन आठवडे झाले होते. तुकड्यावर नुसता इशारा होता, घरच्या भाषेतला: 'तुम्ही गेल्यावर मी कुणाशी भांडू?'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आरोग्य खात्यात हे इशारे लिहायचं काम आजवर तिचंच. ऑफिसात तिला 'व्याकरणबाई' म्हणत आणि तिला ते आवडायचं. पंधरा वर्षं पाकिटांवर तिचं वाक्य छापलं जात होतं, सरकारी भाषेत, वकिलालाही खोट काढता येऊ नये असं. पंधरा वर्षं ते वाक्य खिशात घेऊन नवरा धूर काढत राहिला. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला तेव्हाही "बघू" म्हणाला. आणि ती कालची पोरगी, ऑफिसात सगळे जिला 'चिमणी' म्हणतात ती, घरच्या भाषेत एक ओळ काय खरडते, हा गडी सुतासारखा सरळ!

"हे कशाला जपून ठेवलंत?" तिनं सरकारी भाषेत विचारलं. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून घरातही तीच भाषा, हा तिचाच कायदा होता.

"असू दे." त्या भाषेत नवरा मोजकंच बोलायचा.

"ही ओळ लिहिणाऱ्या चिमणीला ओळखता वाटतं?"

"आमच्या डेपोत आली होती. सिगारेट ओढणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेत होती. चांगली आहे पोरगी. नीट ऐकून घेते."

नीट ऐकून घेते! म्हणजे आम्ही काय कानात बोळे घालून बसलोय?

सिगारेट सुटल्याचा आनंद तिला होताच. डॉक्टर म्हणाले होते, आता सोडली तरच निभावेल. पण आपला नवरा दुसरीच्या शब्दानं जगणार, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्या शिरल्या तिनं चिमणीला गाठलं.

"फार गाजतेय हो तुमची ओळ! कुठून सुचलं हे?"

"मला कुठलं सुचतंय, बाई! मी विचारत गेले, लोक सांगत गेले. फॉर्म कपाटात आहेत, बघा ना."

सोंग, दुसरं काय! चिमणी चहाला गेली तशी तिनं कपाट उघडलं. दोघांत काय बोलणं झालं, ते एकदा कळू दे. मग साहेबांपुढेच उभी करते हिला.

डेपोचा गठ्ठा वरच होता. फॉर्मवर नावं नव्हती, पण शब्दांवर रेघ न देता लिहायची खोड एकाच माणसाची. सातवा फॉर्म त्याचा निघाला. घरच्या भाषेत, पेन दाबून लिहिलेला.

'पाकिटावरचा इशारा वाचता का?'

'वाचतो. कळतो. लागत नाही.'

'मग कोणतं बोलणं मनाला लागलं होतं?'

खाली तीच ओळ होती, शब्द न् शब्द.

'हे तुम्हाला कोण म्हणालं होतं?'

'बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा ती माझ्याशी आपल्या भाषेत भांडायची.'