सुट्टीतला डेटा

दसऱ्याच्या सुट्टीतला नेटवर्कचा डेटाच नव्हता. दर पाच मिनिटांनी आपोआप नोंद घेणारं टूल गप्प पडलेलं, दुपारी क्लायंटला रिपोर्ट द्यायचा, आणि मॅनेजर नितेश अंधेरीच्या ऑफिसात येरझाऱ्या घालत होता.

"त्या ज्युनियर केतननेच वाट लावली असणार. आजच काढून टाकतो त्याला!"

"अरे, आधी टूलचं मशीन तर बघू," म्हणत सहकारी रुचिराने सर्व्हर रूमचं दार उघडलं.

मशीन बंद होतं. वर सुकलेला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट.

"सर, पूजेच्या वेळी मी विचारलं होतं, हेही बंद करू का," मागून आलेला केतन हळूच म्हणाला. "आरतीचं तबक तुमच्याच हातात होतं. तुम्ही म्हणालात, वर्षभर राबतंय बिचारं, दोन दिवस देवाच्या नावाने झोपू दे."