आईच्या शिक्षणापुढे

नाशिकच्या आमच्या मिशन शाळेत मी तीस वर्षं मुलींना शिस्त लावली. शेजारी दुसऱ्या मिशनची मुलांची शाळा आणि मध्ये उंच भिंत. यंदा दोन्ही मिळून मुलामुलींचं एकच कॉलेज झालं आणि जेसीबीने ती भिंत तासाभरात पाडली. अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलाशी मीच होते. निफाडहून माझी जुनी विद्यार्थिनी राखी आपल्या मुलीला घेऊन आली आणि मी तिला लगेच ओळखलं. आठवीत असताना भिंतीवरून आलेला मुलांचा बॉल तिने हसत परत फेकला होता. तेवढ्यावरून मी दाखल्यावर ‘वर्तणूक वाईट’ लिहून तिला शाळेतून काढलं. त्या शेऱ्यामुळे कुठल्याच शाळेने तिला घेतलं नाही. फॉर्मवर आईच्या शिक्षणापुढे तिने ‘आठवी’ लिहिलं. “आई, पुढे का नाही शिकलीस?” मुलीने विचारलं. “आजारी पडले होते गं,” राखी म्हणाली, “मॅडमना माहितीये.” आणि मी चक्क मान डोलावली.