कोंबड्याचा डोळा

चंपाने शाईत घोळवलेला रूळ पुठ्ठ्यावरून फिरवला. पुठ्ठ्यावर तिने कोंबडा चिकटवला होता. अंगाला गोणपाट, शेपटीला सुतळी आणि डोळ्याच्या जागी पितळी बिल्ला. सगळं काळं झालं. आता वर कागद ठेवून वाटीच्या बुडाने घासला की ठसा उठणार होता.

"केवढा डोळा!" शेजारची बकुळा म्हणाली. "घुबड वाटतंय."

"तुझी मासळी बघ आधी. तिला शेपूटच नाय."

घोडपदेवच्या त्या चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, दमयंतीबाई दर रविवारी मुलांना चित्रकला शिकवत. मिलच्या संपाला दुसरं वर्ष लागलं होतं. रंगपेट्या कुणाकडेच नव्हत्या. म्हणून बाईंनी सांगितलं होतं, घरात लागत नाहीत अशा खडबडीत वस्तू आणा.

चंपाचे वडील, कोंडीराम, दारात आले. मुलीकडे न बघता ते सरळ बाईंजवळ गेले.

"बाई, माझा मिलचा बिल्ला खिळ्याला नाय. पोरीने आणलाय काय?"

"आजच हवाय?"

"उद्या पहिल्या पाळीला आत घेतायत. गेटवर दाखवावा लागतो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "चाळीत कुणाला बोललो नाय."

बाईंनी पुठ्ठ्याकडे बोट केलं.

कोंडीराम उकिडवे बसले. सरस अजून पुरता वाळला नव्हता. त्यांनी बिल्ल्याखाली नख घातलं. एक कड सुटली.

"बाबा, नका ना! माझा कोंबडा!" चंपा ओरडली. "बाईच बोलल्या, घरात लागत नाय ते आणा. वर्षभर नुसता खिळ्यालाच तर होता."

बाकीच्या मुलांचे हात थांबले. बकुळाने मान वर केली. तिचे वडील रोज सकाळी मिलच्या गेटसमोर उभे राहत, आत जाणाऱ्यांना अडवायला.

"काका, बिल्ला कशाला पाहिजे?" तिने विचारलं. "मिल चालू झाली?"

कोंडीरामचं नख तिथेच राहिलं.

"कुठं चालू झाली," ते म्हणाले. "कड सुटत होती, ती बघत होतो."

त्यांनी बिल्ल्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. सरस धरेपर्यंत दाबून ठेवला. मग उठले. बाईंनी हात पुसायला रॉकेलची चिंधी पुढे केली. ती त्यांना दिसली नसावी. काळा अंगठा मुठीत घेऊन ते बाहेर पडले.

चंपाने कागद ठेवला, घासला आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढला. कोंबड्याचं तोंड उलट्या दिशेला आलं होतं.

"बाई, डोळा बिघडला. परत शाई लावू?"

"नाय गं," बकुळा वाकून बघत म्हणाली, "आता बघतोय तो."

बाईंनी ठसा खिडकीच्या उजेडात धरला. बिल्ल्यावरचा नंबर शाईने बुजला होता. अंगठ्याच्या रेषा मात्र एकूण एक उमटल्या होत्या.